हौजातले मासे

शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रसंग कधी ना कधी घडून गेलेला असतो. मुले हट्ट धरतात, बाजारातून काचेची एक लहानशी टाकी येते, तिच्यात दोन-चार सोनेरी मासे येतात. मासे वाढतात आणि टाकी अपुरी पडू लागते. मोठी टाकी घ्यावी तर ती ठेवायची कुठे? दोन खोल्यांत कपाट, पलंग, शिलाईचे मशीन आणि मुलांची दप्तरे यांनीच जागा व्यापलेली असते. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी म्हणजे सोळा घनफूट पाणी, साधारण साडेचारशे लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. काच, वाळू, दगड धरले तर अर्ध्या टनाहून अधिक बोजा झाला. जुन्या चाळीच्या लाकडी तक्तपोशीवर तो ठेवायची हिंमत कोण करील? मग नजर बाहेर जाते. गॅलरी, गच्ची, मागचे अंगण. मोठी टाकी उघड्यावर ठेवली तर मासे जगतील का, असा प्रश्न पडतो.

प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण इतिहासाची पाने चाळू लागलो तेव्हा आम्हाला जाणवले की आपण तो उलट्या बाजूने विचारत आहोत. माणसाने मासे पाळायला सुरुवात केली ती उघड्यावरच. मासा घराच्या आत आला त्याला पावणेदोनशे वर्षांच्या आसपास काळ झाला आहे. त्याआधी शेकडो वर्षे तो तळ्यात, कुंडात, हौजात, अंगणात राहत होता. आणि अपुऱ्या जागेत मोठे पाणी कसे सांभाळावे, या प्रश्नाची दोन उत्तम उत्तरे आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच पूर्वजांनी, दगडात बांधून ठेवली आहेत. एक मुंबईत आहे आणि दुसरे औरंगाबादेत.

आधी थोडे दूर जाऊ. सोनेरी मासा मूळचा चीनचा. सुंग राजवटीत, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान, तिथे राजवाड्यांच्या आणि मठांच्या तळ्यांत लाल-सोनेरी रंगाचे मासे निवडून पाळले जाऊ लागले. तळे बाळगणे हे राजाचे किंवा श्रीमंताचे काम. सामान्य माणसापाशी तळ्याएवढी जागा कुठून असणार? पुढे मिंग राजवटीत हा शौक तळ्यातून मातीच्या आणि चिनी मातीच्या मोठ्या कुंड्यांत उतरला. कुंडी अंगणात ठेवली की झाले! १५९६ साली चांग च्येन-त या लेखकाने या तांबड्या माशांवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. जागा कमी पडली म्हणून तळे लहान झाले, आणि तळे लहान झाले म्हणून मासा गरिबाच्या दारी आला, असा हा क्रम आहे.

या कुंड्या उघड्यावर असत आणि मासा वरून पाहिला जाई. कुंडीला काच नव्हती, त्यामुळे बाजूने पाहण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून चिनी आणि पुढे जपानी लोकांनी जे मासे निवडीने घडवले, त्यांत पाठीची रुंदी, दुहेरी शेपटीचा पसारा, पाठीवरचा रंग यांना महत्त्व आले. जपानात रांचू जातीचा मासा आजही वरून पाहूनच पारखतात. ज्या जागेत आपण एखादा जीव ठेवतो, ती जागा त्या जिवाचे रूपही घडवते, हे यातून ध्यानात यावे.

आपल्याकडे मोगलांच्या बागांतही हौजांत मासे असत. फ्रेंच प्रवासी बर्नियर १६६५ च्या सुमारास औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरला गेला होता. तिथल्या एका शाही बागेच्या हौजातले मासे इतके माणसाळलेले होते की हाक मारली किंवा भाकरीचा तुकडा टाकला की जवळ येत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांतल्या मोठ्या माशांच्या कल्ल्यांत सोन्याच्या कड्या होत्या आणि त्यांवर अक्षरे कोरलेली होती. जहांगीरची बेगम नूरजहान हिने त्या घातल्या, अशी त्या वेळी वदंता होती. जहांगीर १६२७ मध्ये वारला. म्हणजे वदंता खरी धरली, तर हौजातले ते मासे जवळजवळ चार दशके तिथे नांदत होते असे म्हणावे लागेल. सोन्याच्या कडीचे कौतुक सोडून देऊ. झऱ्याचे सतत वाहते, थंड, खोल पाणी त्या माशांना मिळत होते, ही खरी गोष्ट आहे.

मशिदीच्या हौजाची कथा याहून वेगळी आहे. तो शोभेसाठी नव्हता, वजूसाठी होता. आणि वजूच्या पाण्याबद्दल आपल्या फिकहमध्ये जो बारीक विचार झाला आहे, तो मत्स्यपालनाच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखा आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. शाफई मताप्रमाणे पाणी दोन कुल्ले किंवा त्याहून अधिक असेल, तर त्यात काही अशुद्ध पडल्याने ते लगेच नापाक होत नाही. त्याचा रंग, चव किंवा वास बदलला तरच होते. दोन कुल्ले म्हणजे आजच्या मापात सुमारे दोनशे लिटर. हिशेबात थोडा मागेपुढे फरक आहे. हनफी फकीहांनी याच विचाराने ‘दह दर दह’, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद असा मोठ्या हौजाचा दंडक घातला. हाताचे माप दीड फूट धरले तर हा पंधरा फूट चौरस हौज होतो.

हा विचार इबादतीच्या पाकीचा आहे. मत्स्यशास्त्राशी त्याचा थेट संबंध जोडून आपण पांडित्य मिरवू नये. पण लहान पाणी लवकर बिघडते आणि मोठे पाणी पुष्कळ काही सोसते, हे जे निरीक्षण त्यामागे आहे, ते मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने पटते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. पाण्यातले आणि दगड-वाळूवर वाढणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा मासा सुखाने जगतो. थोड्या पाण्यात एक मासा मेला की सारी टाकी नासते. हजारो लिटरच्या हौजात तोच मासा मेला तर पाण्याला त्याची फारशी खबरही लागत नाही. म्हणून नवशिक्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, हा बाजारातला सल्ला चुकीचा आहे. मोठे पाणी सांभाळायला सोपे असते. अडचण फक्त जागेची असते.

आता मुंबईकडे येऊ.

मुंबईची जुनी जामा मशीद किल्ल्याच्या जवळ होती. किल्ल्याभोवतीची जागा मोकळी ठेवायची असे इंग्रजांचे धोरण पडले आणि १७७० च्या सुमारास ती मशीद पाडण्यात आली. नव्या मशिदीसाठी जागा हवी होती. आज जिथे जामा मशीद उभी आहे, त्या शेख मेमन स्ट्रीटच्या परिसरात तेव्हा बागा आणि मोकळे रान होते आणि मधोमध एक मोठे तळे होते. ही मिळकत एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची. मशिदीसाठी जागा द्यायला तो राजी झाला, पण त्याने एक अट घातली. तळे जसेच्या तसे राखले पाहिजे.

या अटीवर आपण थोडे थांबून विचार करायला हवा. शहर वाढत होते, जागेला भाव येत होता. तळ्यावर माती लोटली असती तर सरळ सपाट जमीन मिळाली असती आणि बांधकाम सोपे झाले असते. पुढच्या काळात मुंबईच्या किती तरी तळ्यांचे तेच झाले. धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी ही नावे उरली आहेत, तळी बुजली आहेत. या व्यापाऱ्याने मात्र पाण्याला हुसकावून लावायला नकार दिला. मग बांधणाऱ्यांनी तोड काढली ती अशी की तळ्याच्या तळापासून काळ्या दगडाच्या सोळा कमानी उभारल्या आणि त्या कमानींवर मशीद बांधली. खाली पाणी, वर नमाज. कमानी १७८० सालच्या आहेत. जागेच्या वादामुळे काम रेंगाळले आणि मशीद पुरी झाली १८०२ मध्ये.

१९०९-१० मध्ये मुंबई शहराचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्यात या तळ्याचे वर्णन आहे. १८९३ मध्ये त्याला दगडी पायऱ्या आणि कठडे बांधले गेले. सुमारे दहा फूट पाणी, तळाशी असलेल्या झऱ्यांतून येणारे. आणि त्या पाण्यात सोनेरी-रुपेरी मासे आणि काही कासवे असल्याची नोंदही आहे. आजही वजूसाठी पायऱ्या उतरणाऱ्या नमाज्याच्या हाताशी मासे येतात. बाहेर क्रॉफर्ड मार्केटची रेटारेटी, हातगाड्या, सोन्या-कापडाची दुकाने. आत कमानींच्या सावलीत हिरवट पाणी.

मत्स्यपालनाच्या दृष्टीने पाहिले तर या तळ्यात काय काय साधले आहे? पाणी खोल आहे, त्यामुळे ते एकदम तापत नाही. चारही बाजूंना दगड आणि माती आहे, म्हणजे ऊन शिरते ते फक्त वरून. आणि वरचा पुष्कळसा भाग इमारतीने झाकलेला आहे, त्यामुळे सावली आहे. तळाशी जिवंत झरे आहेत. उघड्यावर मासे ठेवू पाहणाऱ्याला ज्या चार गोष्टी लागतात, त्या सगळ्या इथे एकत्र आल्या.

दुसरे उत्तर औरंगाबादेत आहे. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. जुनी माणसे जुनेही नाव घेतात. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि कोरड्या पठारावरच्या या शहराला पाणी मिळावे म्हणून नहरी खोदल्या. त्या परंपरेतच पुढे पाणचक्कीची नहर आली. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी. त्यांच्या खानकाहत मुसाफिर, फकीर, विद्यार्थी यांची वर्दळ असे. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणले, ते भिंतीत उंच चढवले आणि तिथून धबधब्यासारखे खाली सोडले. त्या पाण्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरे आणि खानकाहतल्या लोकांसाठी दळण होई. चक्कीवरून उतरलेले पाणी समोरच्या लांबट हौजात पडते. मशीद, हौज आणि कारंजी यांची बांधणी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आली.

औरंगाबादेस गेलेल्या प्रत्येकाने हा हौज पाहिलेला असतो आणि त्यातल्या माशांना फुटाणे किंवा लाह्या टाकलेल्या असतात. पण पुष्कळांच्या लक्षात येत नाही की ज्या हौजाकडे आपण पाहतो, त्याचा तळ हे खालच्या एका मोठ्या दालनाचे छत आहे. खाली जिना उतरून गेले की भरउन्हाळ्यात थंडावा लागतो. मुसाफिरांना दुपारी विसावा मिळावा अशी ती जागा.

मुंबईत पाणी खाली आणि माणसे वर आहेत. औरंगाबादेत पाणी वर आणि माणसे खाली आहेत. जागा एकच, तिचा उपयोग दोनदा. मुंबईच्या कारागिराने इमारतीचा भार पाण्यातून खाली खडकात नेला, औरंगाबादच्या कारागिराने पाण्याचा भार भिंती आणि खांबांवर तोलला. दोघांनीही पाण्याला हद्दपार केले नाही. आणि पाणचक्कीचे पाणी उंचावरून पडते, कारंज्यातून उडते, यात निव्वळ शोभा नव्हती. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. आज आपण विजेचा पंप लावून टाकीत बुडबुडे सोडतो, तेच काम तिथे उताराने होत होते.

मग मासा काचेत कसा आला? ती युरोपची कथा आहे. १८३० च्या दशकात सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात जान विलप्र-पॉवर या फ्रेंच बाई शिंपल्यात राहणाऱ्या आर्गोनॉट नावाच्या अष्टपाद प्राण्याचा अभ्यास करत होत्या. त्यांनी काचेची टाकी बनवली. पण सगळे प्राणी घरातल्या टाकीत मावणारे नव्हते. म्हणून त्यांनी मोठे पिंजरे बनवून ते समुद्रातच नांगरून ठेवले. घरात जागा नाही तर टाकी बाहेर, इतकेच काय, थेट समुद्रात! लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात दोन सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवून १८५० मध्ये दाखवून दिले की वनस्पती आणि जीव परस्परांना सांभाळतात. काचेवरचा कर इंग्लंडमध्ये १८४५ मध्येच उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी नेला. दिवाणखान्याच्या खिडकीत काचेची टाकी ठेवण्याचे वेडच लागले.

आणि मग टाक्या नासू लागल्या. खिडकीतल्या उन्हाने पाणी तापे, हिरवे होई, मासे मरत. याचे कारण उघड आहे. हौजाला ऊन एका बाजूने लागते, काचेच्या टाकीला पाच बाजूंनी. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश तापमानाला एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशाला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि त्याच वेळी पाण्यातला साठा घटतो.

विल्यम अल्फर्ड लॉइड या माणसाने यावर तोड काढली. लॉइड हा मत्स्यपेट्यांचा दुकानदार, पुढे त्याने मोठमोठी मत्स्यालये उभारली. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ उघडलेल्या मत्स्यालयात त्याने जमिनीखाली एक भलामोठा अंधारा हौज बांधला. लोकांना दिसणाऱ्या काचेच्या टाक्यांत होते त्याच्या कितीतरी पट पाणी या हौजात होते. पाणी सतत खालून वर आणि वरून खाली फिरत राही. अंधारात ते थंड राही, शेवाळ धरत नसे, स्वच्छ होई. दिसते ते थोडे आणि न दिसणारे पुष्कळ, हे लॉइडचे सूत्र. जामा मशिदीच्या कमानींखाली हेच पाणी, याच अंधारात, नव्वद वर्षे आधीपासून होते. त्या कारागिरांनी मत्स्यशास्त्र शिकलेले नव्हते. तळे राखायची अट पाळताना ते सहज साधून गेले.

मुंबईने पुढे काचेच्या मत्स्यालयाचीही हौस केली. एका पारशी दात्याच्या देणगीतून मरीन ड्राइव्हवर उभे राहिलेले तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये खुले झाले. शाळेच्या सहली तिथे जात. आमच्या पिढीने समुद्रातला मासा जिवंत पाहिला तो पुष्कळदा तिथेच.

आता हौजाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे लेखन नुसते गतवैभवाचे गाणे होईल. उघडे, साचलेले पाणी धोक्याचेही असते. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस याला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. १९११ मध्ये डॉक्टर बेंटली याने मुंबईतल्या हिवतापाची पाहणी करून अहवाल दिला. विहिरी आणि टाक्यांत वाढणारा डास हे मूळ कारण असल्याचे त्यातून पुढे आले. मग विहिरी बुजवण्याचे, झाकण्याचे हुकूम निघाले. त्याला अनेक समाजांनी विरोध केला, कारण विहिरीशी त्यांच्या श्रद्धा निगडित होत्या. विरोध समजण्यासारखा होता, पण हिवतापाने माणसे मरत होती हेही तितकेच खरे होते.

इथेच माशाचे महत्त्व कळते. डासाच्या अळ्या हे लहान माशांचे आवडते खाद्य. कोकणात विहिरीत मासे, कासव सोडायची जुनी रीत आहे. आमच्या आजोळी मागच्या दाराच्या विहिरीत मासे होते आणि नानी त्यांना ‘पाण्याचे भंगी’ म्हणणाऱ्या गड्याला दटावत असे, “भंगी काय म्हणतोस? ते पाण्याचे राखणदार आहेत.” नानीला रॉस ठाऊक नव्हता. पुढे महापालिकाही विहिरी आणि टाक्यांत गप्पी मासे सोडू लागली. डासांसाठी म्हणून गॅम्बुसिया हा परदेशी मासा १९२८ मध्ये भारतात आणला गेला. तो आणि गप्पी बंदिस्त हौजात ठीक आहेत. नदीत-ओढ्यात सोडले तर ते तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्ले फस्त करतात, हे आज कळले आहे. तेव्हा हौजातले मासे हौजातच राहावेत.

एवढा प्रवास करून आपण पुन्हा आपल्या गॅलरीशी येतो. मोठी टाकी बाहेर ठेवायची असेल तर जुना हौज काय सांगतो? काचेचा हट्ट सोडा. उघड्यावर सिमेंटची, दगडाची किंवा मातीची टाकी बरी, आणि मासा वरून पाहायची सवय करा. सिमेंट नवे असेल तर त्याचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून मासे सोडण्याआधी टाकी काही आठवडे भरून-उपसून घ्या. उथळ पसरट टाकीपेक्षा खोल टाकी उन्हात कमी तापते. दुपारचे ऊन अडवा, सकाळचे येऊ द्या. पावसाळ्यात पाणी काठावरून वाहून मासेही वाहून जातात, तेव्हा काठाखाली जाळी लावलेले भोक ठेवा. जुन्या हौजांना असा निचरा असतोच. खंड्या, कावळा आणि मांजर यांचीही सोय बघा, ते रोज येणार. लहान मुले असतील तर वर मजबूत जाळी हवीच. आणि गच्चीवर किंवा गॅलरीत टाकी बांधण्याआधी वजनाचा हिशेब जाणकाराकडून करून घ्या. औरंगाबादच्या कारागिराने तो केला होता म्हणून ते छत टिकले.

पण एवढ्यावर हा विषय संपत नाही. आम्हाला खरे बोलायचे आहे ते आपल्या मोहल्ल्यांतल्या हौजांविषयी. मशिदीची दुरुस्ती निघाली की आज पहिली सूचना असते, हौज बुजवून टाका. नळ लावू, जागा मोकळी होईल, चार सफा जास्त उभ्या राहतील, पुढच्या अंगाला दोन दुकाने काढता येतील. ही सूचना करणारे काही वाईट लोक नसतात. जुम्याला माणसे रस्त्यावर उभी राहतात हे त्यांना दिसते. हौजात शेवाळ धरलेले असते, कुणी मूल पडायची भीती असते, साफ करायला माणूस मिळत नाही. अडचणी खऱ्या आहेत. म्हणून त्यांना ‘परंपरा राखा’ एवढे सांगून भागणार नाही. त्यांना मुंबईच्या त्या सोळा कमानी दाखवल्या पाहिजेत, पाणचक्कीचे तळघर दाखवले पाहिजे. सफा वाढवायच्या तर हौजावर मजला चढवता येतो. माणसांना सावली हवी तर हौजाखालीही दालन होऊ शकते. जागा कमी आहे, ही सबब सव्वादोनशे वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे.

आणि मोठे पाणी एकट्या घराला परवडत नाही, हेही आपण मान्य करू. प्रत्येक घरात अर्ध्या टनाची टाकी कशाला? मोहल्ल्याचा एक हौज असेल, त्यात मासे असतील, त्याची साफसफाई नेमून दिलेली असेल, तर प्रत्येक घरच्या मुलाला मासे मिळाले. अस्रनंतर मुले कठड्याशी बसून लाह्या टाकतील आणि पाणी जिवंत कसे राहते हे कुणी न शिकवता शिकतील. विहीर खोदणे, सबील लावणे यांना आपल्यात सदका-ए-जारिया मानतात. असलेले पाणी राखणे हेही त्याच जातीचे काम आहे.

तो कोकणी व्यापारी काही मोठा आलिम नव्हता. व्यापारी होता, जागेची किंमत जाणत होता. तरीही देताना त्याने एवढेच सांगितले की तळे राहू द्या. त्याच्या बागा गेल्या, रान गेले, भोवतीचे सारे शहर बदलले. तळे राहिले, आणि तळ्यात मासे राहिले. उद्या आपल्या मोहल्ल्यातल्या हौजाचा प्रश्न कमिटीपुढे येईल, तेव्हा मत देण्याआधी आपण एकदा शेख मेमन स्ट्रीटला जाऊन त्या पायऱ्या उतरून यावे.